बोळात मीठ खपत नाही

४ फेब्रुवारी
तळ्यांवरचं स्वयंपाकघर

ताई,

फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. दूधवाल्याला बजावलंय की पत्र हातात द्यायचं, फाटकाच्या खिळ्याला अडकवून पळायचं नाही. तो म्हणाला, "अरे, कालवा ओलांडला की तिचं फाटक. स्वतः जा की चालत!" त्याला काय जातंय सांगायला. मी कालव्यावरच्या साकवावर दिसलो की तू रोपांची झारी कशी आपटतेस ते त्याने ऐकलेलं नाही. मी रोज ऐकतो.

तू म्हणाली होतीस, "त्या कोळंबीवाल्यांकडे कामाला गेलास तर तू परगावी गेलास असं मी समजेन." ठीक आहे. परगावी गेलेल्या माणसाने घरी पत्र लिहायचं असतं, म्हणून लिहितोय.

दुसरीकडे काम नव्हतं असं नाही. टायरच्या दुकानात परत बोलावलं होतं. फिरत्या पाळण्यांचा मालक तर अजून निरोप पाठवतो, त्याच्याकडे घोडे रंगवायचं काम आहे, लाकडी घोडे, डोळे काढायला माणूस मिळत नाही म्हणतो. पण इथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून... जाऊ दे, खिडकीचं नंतर.

तू कधी बांधाच्या आत आली नाहीस म्हणून कोळंबीचं सांगतो. समुद्र इथून कुठल्या कुठे, आणि ही बिचारी समुद्राची. तिला आपण घरीच आहोत असं वाटावं म्हणून खाऱ्या पाण्याचे टँकर येतात आणि तळ्यात रिकामे होतात. पाण्यात हवा जावी म्हणून वल्ह्यांची चाकं दिवसरात्र गरगरत असतात, धोब्याच्या अंगात आल्यासारखी. कोळंबी मधूनमधून अंगावरचं कवच टाकते आणि नवं येईपर्यंत तळाशी गप्प पडून राहते, कारण तेवढ्यात बाकीच्या तिला खातात. हे ऐकलं तेव्हा मला आपल्या नातेवाइकांची आठवण झाली.

माझं काम कामगारांचा स्वयंपाक. पहिल्याच दिवशी नाक कापलं गेलं. बटाट्याचा रस्सा केला, माझा हुकमी, जो खाऊन टायरवाल्याने बायकोला नावं ठेवली होती. पहिल्या घासालाच एकजण ओरडला, "ए भिंगरी, खारा टँकर चुकून तुझ्या पातेल्यात ओतला का रे?" (तू ठेवलेलं नाव मीच सांगून बसलो, आता सगळे तेच म्हणतात.) दुसऱ्या दिवशी मीठ निम्मं केलं, तरी खारट. तिसऱ्या दिवशी चिमूटभर, तरी तोंडं वाकडी. इतक्या खानावळी पालथ्या घातल्या, हातावर असा ठपका कधी आला नव्हता. मॅनेजरसाहेबांना विचारावं म्हटलं, पण ते आमचं जेवत नाहीत. त्यांचा डबा घरून येतो आणि पाणी सीलबंद बाटलीतून.

खिडकीचं असं की तिच्यातून तुझी रोपवाटिका दिसते. कालव्याकडच्या रांगा पिवळ्या दिसतात. उन्हामुळे असेल. असेल ना?

तुझा
परगावी गेलेला

११ फेब्रुवारी, बहुतेक

ताई,

उत्तर आलं नाही म्हणजे पत्र पोचलं असं धरतो. दूधवाला सांगत होता, "फाडलं नाही, पदरात खोचलं." तेवढ्यावर मी दोन दिवस शीळ घालत होतो.

आता मी मीठ घालतच नाही. अजिबात. आणि कामगार बोटं चाटतात. "सुधारलास रे!" म्हणतात. तुला म्हणून सांगतो, वाईट वाटतं. न घातलेल्या मिठाची स्तुती ऐकून घ्यायची म्हणजे न केलेल्या लग्नाचा आहेर घेण्यासारखं आहे. मला वाटतं माझा हातच गेला.

काल एक तळं उपसलं. कोळंबी जाळ्यात भरून गाडीत गेली आणि खालचं सगळं पाणी सोडलं नाल्यात. तळाला काळा गाळ राहिला, त्याला असा वास की चुलीवर दूध करपलं तरी मला कळलं नाही. तो गाळ खोऱ्यांनी उचलून कालव्याच्या काठाने टाकला. तुझ्या बाजूच्या काठाने. मी म्हटलं, "इथे कशाला?" तर मुकादम म्हणाला, "मग काय तुझ्या उशाशी टाकू?"

बोळात गेलो होतो, शर्टाचं बटण तुटलं म्हणून. बोळ म्हणजे तोच, तळ्यांमागचा, जिथे सगळे एका विहिरीचं पाणी पितात, आमच्या स्वयंपाकघरातही तेच येतं. शिंपीणकाकूंनी बटणं काढली ती चिनी मातीच्या बरणीतून. बरणीवर मोठ्या अक्षरात 'मीठ' लिहिलेलं. मी विचारलं, मीठ कशात ठेवता? म्हणाल्या, "असेल कुठेतरी पुडीत. लागतंय कुणाला!" कोपऱ्यावरचा वाणीही तेच म्हणाला. "या बोळात मीठ खपत नाही बाबा. साखर खपते, चहा खपतो. मिठाचं पोतं दगड होऊन बसलंय, मी त्यावर पाय ठेवून वरची फळी पुसतो." मला हसू आलं आणि मी घोड्यांचे डोळे कसे काढतात यावर त्याच्याशी तासभर बोलत बसलो.

तुझ्याबद्दलही बोलणं निघालं. ऐकवत नाही, पण लिहितो. काकू म्हणाल्या, "तुझ्या ताईच्या हाताला आता यश राहिलं नाही. कलमं जगत नाहीत तिची. स्वतःचं खापर तळ्यांवर फोडते. आमची विहीर त्याच जमिनीत आहे, आमचं पाणी गोड कसं?" मी म्हटलं, ती सरकारकडे तक्रार करते म्हणजे काही असेल ना. तर म्हणाल्या, "मागच्या वेळी तपासणीला सरकारी साहेब आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की पाणी गोड आहे. खोटं कशाला बोलू?" ताई, त्या खोटं बोलत नव्हत्या. तेच तर मला कळेना.

यंदा त्या जागी नवीन अधिकारी बाई आल्यात आणि त्या म्हणाल्या ते मॅनेजर फोनवर कोणाला तरी सांगत होते, मी चहा घेऊन आत होतो. तुझ्या बोअरचं पाणी खारं निघालं, पण कंपनी म्हणते की ते तुझ्याच खतांमुळे. सामाईक विहीर तपासायची तर ती वापरणाऱ्या घरांनी मागणी करायला हवी. आणि मागणी आली नाही तर तुझी तक्रार निकालात, आणि तुझ्या कुंपणाला लागून नवी तळी. साहेब फोनवर हसत म्हणाले, "बोळातून मागणी? त्यांना विचारा, पाणी अमृत आहे म्हणतील." आज दुपारी तुझ्या कुंपणालगत चुन्याच्या रेघा मारताना मी खिडकीतून पाहिलं. तू मधोमध उभी होतीस. झारी आपटली नाहीस.

भिंगरी

१९ फेब्रुवारी
धरणाजवळची ट्रकवाल्यांची खानावळ

ताई, ताई, ताई!

कागद खानावळीचा आहे, तेलाच्या डागांकडे लक्ष देऊ नकोस. कोळंबीची पिल्लं आणायला मला गाडीबरोबर पाठवलं होतं. हवा भरलेल्या पारदर्शक पिशव्या, आत टाचणीएवढी पिल्लं, सगळ्यांना डोळेच डोळे. परत येताना धरणाजवळ गाडी बंद पडली. दुसरी गाडी येऊन पिल्लं घेऊन गेली, आणि मी आणि ड्रायव्हर इथे अडकलो.

इथल्या आचाऱ्याचं मनगट मुरगळलंय. मला नुसतं बसवतं का, तुला माहीत आहे. म्हटलं, रस्सा मी करतो. बटाट्याचाच केला, तळ्यांवर करतो अगदी तसा, ज्यावर बोटं चाटतात. पानं वाढली. पहिल्या ट्रकवाल्याने घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आज कोणाला दवाखान्यातून सोडलंय का?" सगळी खानावळ हसली. आचारी म्हणाला, "अरे, मीठ राहिलं!" मी म्हटलं, राहिलं नाही, मी घालतच नाही. तो म्हणाला, "मग तुला ठेवलं कोणी?"

मी मीठ घातलं. चाखलं. अजून घातलं. माझी जुनी मूठ जितकी होती तितकी घातल्यावर रस्सा उभा राहिला, ताई, टायरवाल्याकडचा रस्सा! मग मी पाणी प्यायलो. त्याला चवच नव्हती. इतकी नव्हती की मी ग्लास उजेडात धरून पाहिला, आत काही आहे की नाही.

तेव्हा डोक्यात एकदम सगळं आलं. बरणीतली बटणं. वाण्याचं पोतं. बाटलीबंद पाणी पिणारे साहेब. विहीर एका दिवसात खारी झाली असती तर बोळाने बादल्या घेऊन मोर्चा काढला असता. ती हळूहळू झाली. तळी आली, खारं पाणी जमिनीत मुरत गेलं, आणि तिकडे प्रत्येक घरात स्वयंपाक करणारीचा हात आपोआप आखडत गेला. आज चिमूट कमी, पुढच्या महिन्यात आणखी चिमूट कमी. मुद्दाम कोणी केलं नाही. जिभेला जेवढं हवं तेवढं घालायचं, बस. शेवटी बरणी रिकामी झाली आणि तिच्यात बटणं गेली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून तर छातीवर हात ठेवून सांगतात, गोड आहे!

माणसाच्या जिभेला सवय होते. रोपाला जीभ नाही. ते सरळ करपतं.

माझा हात गेला नव्हता. तुझाही गेलेला नाही. आधी हे तुला सांगायचं होतं म्हणून भांडी तशीच टाकून लिहायला बसलोय. आचारी ओरडतोय.

तुझाच

२३ फेब्रुवारी

ताई,

दूधवाल्याने किटलीच्या झाकणाखालून तुझी चिठ्ठी काढून दिली. ओली झाली होती, पण एकच ओळ असल्यामुळे वाचता आली. "बोळात मीठ घालतं तरी कोण?" नाव नाही, गाव नाही, 'कसा आहेस' नाही. मी ती शर्टाच्या खिशात ठेवलीय. नवीन बटणाच्या खिशात.

उत्तर: कोणीच नाही. घरोघर विचारून आलो. "काकू, मीठ किती घालता?" "नेहमीएवढं." "नेहमीएवढं म्हणजे?" "म्हणजे लागेल तेवढं. तू काय लग्न जमवतोयस माझं?" शेवटी मी सरळ सांगून टाकलं की तुमचं पाणी खारं आहे. चूक केली. काकूंनी ग्लास भरून पुढे केला. "पी. कुठे आहे खारं? दाखव!" आता मीही तिथलंच पितोय इतके दिवस. मला कळेना ते कसं दाखवायचं. मागून एकजण म्हणाला, "बहिणीने पढवून पाठवलाय." दुसरा म्हणाला, "तळी बंद पडली तर आमच्या घरात तू रस्सा पोचवणार का?" आणि ते खोटं नाही. अर्धा बोळ तळ्यांवरच्या पगारावर आहे. मी खाली मान घालून निघालो.

पण पंपवाले काका मागून आले. तेच, विहिरीचा पंप चालवणारे, कानावर पेन्सिल असलेले. मला पंपघरात घेऊन गेले आणि एक जुना पाइप दाखवला. आतून पांढरा थर, आणि लोखंड असं खाल्लेलं की बोट आरपार गेलं. "हा माझा तिसरा पाइप," म्हणाले. "मी सांगतो पाणी बिघडलंय, तर म्हणतात काका तुम्ही म्हातारे झालात. आता पुढच्या रविवारी मला निरोपाचं जेवण देतायत. पंपाची किल्ली द्यायची आणि घरी बसायचं."

मी विचारलं, जेवणाचं काय ठरलंय? प्रत्येक घराने एकेक पातेलं आणायचं, बोळातच सतरंज्या टाकून बसायचं. काका, म्हटलं, त्या दिवशी पंप बंद ठेवाल?

"माझ्याच निरोपाला माझाच पंप बंद?" आधी चिडले. मग मी खानावळीतली गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच ठेवली. मग इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "पाइप बदलायचाच आहे. शनिवारी काढतो, रविवारभर उघडा ठेवतो. खोटं एक अक्षर बोलायला नको."

धरणाजवळचा ट्रकवाला, तोच दवाखान्यावाला, टँकरही चालवतो. तो शनिवारी संध्याकाळी धरणाचं पाणी आणून देणार. बोळाला काका एवढंच सांगणार: पंप दुरुस्तीला, पाणी टँकरचं, नेहमीसारखा स्वयंपाक करा.

काकांनी तुलाही बोलावलंय. ये. माझ्यासाठी नको, काकांसाठी ये.

भिंगरी

४ मार्च

ताई,

तू तिथे होतीस, तरी लिहितोय, कारण तू सगळं पाहिलंस पण स्वतःचा चेहरा पाहिला नाहीस.

तू साकव ओलांडून आलीस आणि कोपऱ्यात बसलीस, पिशवी मांडीवर घेऊन. कोणी तुझ्याशी बोललं नाही. मी वाढत होतो आणि काकूंच्या पातेल्याचं झाकण माझ्या हातून दोनदा पडलं. भाषणं झाली. काका शाल नको म्हणाले, म्हणून त्यांना टॉर्च दिला. मग सगळ्यांनी घास घेतला.

आणि जो तो शेजारच्याच्या पानाकडे बघू लागला. पहिलं तोंड शिंपीणकाकूंच्या जावेने उघडलं. "वहिनी, रागावू नका, पण भाजीत मीठ विसरलात."

"मी? तुझा भात खाऊन बघ आधी!"

"भातात मी नेहमीएवढं घातलंय."

"मीही नेहमीएवढंच!"

"डाळीतही नाही."

"या पातेल्यात पण नाही!"

"अगं, सगळ्याच विसरलात की काय? काकांना निरोप देताय की पथ्य?"

भांडण असं पेटलं की एकीने दुसरीच्या पातेल्यात बोट घालून सगळ्यांना चाखवायला सुरुवात केली. आता मी बोलावं असं ठरलं होतं. मी उभा राहिलो आणि मला एक शब्द आठवेना. घोड्यांचे डोळे आठवले.

तेवढ्यात तू उठलीस. पिशवीतून मिठाचा पुडा काढलास, दातांनी कोपरा फाडलास, आणि पंगतीच्या पहिल्या पानापाशी जाऊन वाकलीस. "वाढू?" बस, एवढंच. तो माणूस मान हलवतो, तू चिमूट टाकतेस, पुढच्या पानाकडे जातेस. "वाढू?" हेच लोक तुझ्या हाताला यश नाही म्हणत होते, आणि त्यांच्या पानात तू एकेक चिमूट मीठ वाढत होतीस, जणू मुंज तुझ्याच घरची. मागून माणसं घास घेत होती आणि म्हणत होती, "आता बरोबर लागतंय."

शिंपीणकाकूंपाशी आलीस तेव्हा त्यांनी पानावर आडवा हात धरला. मला वाटलं आता भांडणार. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "हे टँकरचं पाणी कुठलं?"

"धरणाचं," काका म्हणाले.

"आणि मी नेहमीएवढंच घातलं," काकू हळू म्हणाल्या. "नेहमीएवढं म्हणजे..." मग उठून घरात गेल्या आणि ती बरणी घेऊन आल्या, सगळ्यांसमोर सतरंजीवर उलटी केली. बटणं इकडे तिकडे पळाली. "मी मीठ घालायचं कधी सोडलं गं?" त्यांनी जावेला विचारलं. जाऊ म्हणाली, "माझ्याकडे तर मिठाच्या डब्यात हळकुंडं आहेत." तिसरी म्हणाली, "माझ्या बरणीत किल्ल्या." वाणी मागून ओरडला, "मी बोंबलून सांगत होतो, बोळात मीठ खपत नाही!" आणि मग जो हशा उठला, ताई, तो आधी हशा होता आणि हळूहळू तो राग झाला. मी हशाचा राग होताना कधी पाहिला नव्हता. कवच टाकल्यासारखं झालं सगळ्यांचं.

"म्हणजे आमच्या लेकराबाळांनी इतकी वर्षं काय प्यायलं?" काकू म्हणाल्या. मग आवाज चढवून, "उद्या सगळ्यांनी विहीर तपासायची मागणी घेऊन अधिकारी बाईंकडे यायचं. तळ्यांवर कामाला असेल त्यानेही यायचं, त्याची विहीर काही वेगळी नाही."

तू शेवटी माझ्यापाशी आलीस. मी पातेल्यामागे लपून जेवत होतो. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुला?" मी म्हटलं, थोडं. तू चिमूट टाकलीस, आणि मग अजून एक टाकलीस, कारण मला जास्त लागतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तेव्हाचा तुझा चेहरा. तोच सांगायला हे सगळं लिहिलं.

भिंगरी

१८ मार्च
पंपघर, काकांच्या खाटेवरून

ताई,

कामावरून काढलं मला. आनंदाची बातमी आधी सांगावी म्हणून. मॅनेजरसाहेब केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागला नाहीस." मी म्हटलं, साहेब, मीठ तर मी घातलंच नाही कधी! बाहेर उभे असलेले कामगार इतके हसले की साहेबांनी काच लावून घेतली.

अधिकारी बाई आल्या तेव्हा तू तुझ्या बोअरपाशी होतीस, म्हणून विहिरीवरचं सांगतो. साहेब आधीच येऊन उभे होते. "मॅडम, कोणालाही विचारा, पाणी गोड आहे." बाईंनी विचारलंच नाही. यंत्र पाण्यात बुडवलं, आकडा बघितला, पुन्हा बुडवला. मग काकूंकडे वळल्या, "तुम्ही हे पिता?" काकू म्हणाल्या, "पितो. आणि मागच्या साहेबाला गोड आहे म्हणून मीच सांगितलं होतं, तेव्हा ते शब्द मी परत घेते, सगळ्यांसमोर." साहेब म्हणाले, बाजूच्या रोपवाटिकेत खतं फार वापरतात. तेव्हा काकू म्हणाल्या ते तुला सांगायलाच हवं. "आमच्या विहिरीत कोणी रोपं लावलीत का हो?"

बाई दिवसभर फिरल्या. नाल्याचं पाणी घेतलं, काठावरचा काळा गाळ घेतला, तळ्याच्या बांधाखाली ओल झिरपते तिथे खड्डा खणायला लावला. खड्डा त्याच मुकादमाने खणला, ज्याने गाळ माझ्या उशाशी टाकू का विचारलं होतं. खणताना म्हणाला, "माझी आईही याच विहिरीचं पिते."

आणि आज निकाल! खाऱ्या पाण्याचे टँकर बंद. नाल्यात पाणी सोडणं बंद. ज्या तळ्यांना खालून जाड ताडपत्री नाही ती कोरडी करायची, गाळ उचलून न्यायचा, तोही कंपनीच्या खर्चाने, आणि ते काम बोळातल्याच माणसांना. जी तळी राहतील त्यांनी आपलंच पाणी गाळून पुन्हा वापरायचं. धरणावरून बोळापर्यंत पाण्याची पाइपलाइन, पुढे साकवावरून थेट तुझ्या रोपवाटिकेत. नवीन तळ्यांना परवानगी नाही. बाई म्हणाल्या, विहिरीतलं मीठ लगेच जाणार नाही, जमिनीत मुरलेलं आहे, पावसाळे जावे लागतील. पण वाढणार नाही.

चुन्याच्या रेघा बोळातल्या बायकांनी झाडूने पुसल्या. तू आत होतीस, तुला दिसलं नसेल. काकू सगळ्यांत पुढे होत्या.

पाइपलाइनचं काम मला मिळालंय. पाइप खांद्यावर वाहायचे. टायरपेक्षा हलके आहेत.

तुझा
आता परगावी नसलेला

२१ मे
तुझ्या स्वयंपाकघरातून

ताई,

तू रोपांची गाडी घेऊन बाजारात गेलीयस, आणि मी तोंडावर सांगितलं असतं तर तू झारी आपटली असतीस, म्हणून लिहून ठेवतोय. पाळणेवाल्याचा निरोप आला. घोड्यांचे डोळे राहिलेत म्हणतो. मी जाऊन येतो.

या वेळी सांगून चाललोय, एवढा फरक आहे. तू दिलेली किल्ली बरोबर घेतलीय, तेव्हा कुलूप बदलू नकोस.

आयुष्यात एक काम पुरं केलं, ते पाइपलाइनचं. शेवटचा नळ तुझ्या फाटकाशी मी स्वतः बसवला, काकांनी आटे कसे द्यायचे ते दाखवलं आणि चार शिव्याही दिल्या. त्या दिवशी नळ सोडला तेव्हा तू आधी प्यायली नाहीस, झारी भरलीस. कालव्याकडच्या रांगांना घातलंस. मी म्हटलं, आधी स्वतः पी. तू म्हणालीस, "त्यांना जास्त दिवस झालेत." आता त्या रांगांवर कोवळी पानं आलीयत, कडेपर्यंत हिरवी. आज सकाळी मी प्रत्येक पानाची कड बोटाने चाचपून पाहिली. एकही करपलेली नाही.

काल बोळात जाऊन आलो. काकूंनी बटणं काचेच्या डब्यात काढलीत आणि बरणी घासून उन्हात ठेवलीय. वाण्याने नवीन पोतं मागवलंय. जुनं दगड झालेलं मात्र विकत नाही, म्हणतो वरच्या फळीला हात पोचायला काहीतरी लागतंच. पंपाची किल्ली नवीन माणसाकडे गेली, पण काका रोज जाऊन त्याला चुकीचं सांगतात. दूधवाला विचारत होता, "आता पत्रं नाहीत का रे?" त्याला म्हटलं, आता आम्ही तोंडाने भांडतो.

रस्सा चुलीवर झाकून ठेवलाय, आल्यावर गरम करून घे. पोळशील, झाकणाचा कान तुटलाय.

आणि तुझ्या मिठाच्या बरणीतल्या बिया मी कागदात बांधून फळीवर ठेवल्या, नावं लिहून. बरणी धुतली, पुसली, आणि मीठ काठोकाठ भरून ठेवलंय. मी येईन तेव्हा निम्मी झालेली दिसली पाहिजे.

तुझा
भिंगरी